आज्ञाभंगाची मीमांसा

मनुष्य आज्ञा कां पाळतो, या प्रश्नाचीं उत्तरें पुष्कळ मिळतात. पोटासाठीं पाळतो, भीतीनें पाळतो, संवयीनें पाळतो, कधीं कधीं पटते म्हणूनहि पाळतो. परंतु तो ती कां मोडतो? आणि मोडावयाचें ठरल्यावर एक जण अर्ज लिहितो, दुसरा घरदार सोडून निघून जातो, तिसरा वाटेंत आडवा बसतो आणि चौथा पिस्तूल उचलतो, हा भेद कशामुळें पडतो? या प्रश्नाचा विचार करण्याची वेळ आली कीं आपण बहुधा जयजयकार तरी करतों किंवा धिक्कार तरी. आणि दोहोंतहि विचार मात्र राहून जातो.

आम्ही राहतों त्या कासारवाडीच्या आसपास या प्रश्नाला साधनसामग्री वाजवीपेक्षां अधिकच आहे. आमच्या पश्चिमेस पवना वाहते आणि दापोडीच्या पुढें मुळेस मिळते. लोहमार्गानें पुण्याकडून येतां आमच्या नंतरचें स्टेशन पिंपरी व त्यापुढचें चिंचवड. त्या चिंचवडांत ज्यांचें घर होतें त्या तिघां चाफेकर बंधूंस 1898 व 1899 या दोन वर्षांत येरवड्यास फांशी झाली. दक्षिणेस गणेशखिंड, तेथेंच 22 जून 1897 च्या रात्रीं गोळ्या सुटल्या. आणि जी मुळा आमच्या पवनेस पोटांत घेते, तिच्याच उगमाकडे मुळशी पेट्यांत 1921 पासून 1924 पर्यंत शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालला. या दोन प्रकरणांची सांगड घालून आज्ञाभंगाचें मूळ कोठें सांपडतें तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बंडखोराविषयीं दोन उत्तरें नेहमीं तयार असतात. पहिलें सत्ताधाऱ्याचें: हें चार माथेफिरूंचें काम, प्रजा संतुष्ट आहे. दुसरें गौरवकाराचें: जुलूम असह्य झाला आणि त्यांतून वीर निपजला. पहिल्या उत्तरांत परिस्थिति नाहींशी होते, दुसऱ्यांत माणूस नाहींसा होतो. पहिलें खरें मानावें तर तेच माथेफिरू त्याच वर्षीं कां पेटले हें कळत नाहीं; दुसरें खरें मानावें तर तोच जुलूम सोसणाऱ्या हजारों लोकांनीं पिस्तूल कां उचललें नाहीं हें कळत नाहीं. एवंच, दोन्ही उत्तरें अर्धीं आहेत. तीं पुरतीं करावयाचीं तर आधीं घडलेल्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

सप्टेंबर 1896 मध्यें मुंबईस ग्रंथिक सन्निपातानें, म्हणजे प्लेगनें, डोकें वर काढलें आणि लवकरच तो पुण्यास पोंचला. 4 फेब्रुवारी 1897 रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अगदीं आटोपशीर होता. परंतु त्यानें सरकारच्या हातीं जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यांत खास प्लेग कमिटी नेमली गेली व तिचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हे झाले. 13 मार्चपासून 19 मेपर्यंत गोऱ्या व देशी शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. रोगी सांपडला कीं त्यास इस्पितळांत न्यावयाचें, घरच्या माणसांस विलगीकरणाच्या छावणींत ठेवावयाचें, सामानसुमान जाळावयाचें आणि घर धुवावयाचें, असा तो क्रम होता.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. रोग खरा होता, भयंकर होता, आणि कांहीं तरी करणें सरकारास प्राप्तच होतें. त्या सांथींत शहरांत दोन हजारांवर माणसें दगावल्याचा अंदाज आहे. परंतु रोग पसरतो कसा, हें शिपायास ठाऊक नव्हतें, कमिटीस ठाऊक नव्हतें, डॉक्टरांसहि नीटसें ठाऊक नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसास देते, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें 1898 सालीं सांगितलें आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लोटलीं. म्हणजे ज्या उपायांसाठीं लोकांचीं माजघरें उघडीं केलीं, ते उपाय अर्धवट ज्ञानाच्या आधारें चालले होते. मात्र ते पूर्ण ज्ञानाच्या थाटांत चालले होते. अज्ञान क्षम्य असतें. अज्ञानाची ऐट लोक फार दिवस विसरत नाहींत.

आतां या ठिकाणीं मानसशास्त्राचा पहिला प्रश्न उभा राहतो. रोगानें माणसें मेलीं तीं शिपायांनीं मारलीं त्यांहून कितीतरी पटींनीं अधिक. मग राग शिपायांवर कां? याचें उत्तर आमच्या मतें असें कीं, माणूस दुःखाविरुद्ध बंड करीत नाहीं. तो अपमानाविरुद्ध बंड करतो. रोगास तोंड नसतें, त्यास जाब विचारतां येत नाहीं. ज्यास तोंड आहे, ज्यानें बूट न काढतां उंबरठा ओलांडला, ज्यानें देवघरांत हात घातला, शेजाऱ्यांदेखत बायामाणसांस बाहेर उभें केलें, त्यास मात्र जाब विचारतां येतो. सोवळें-ओवळें हा आज आपणांस क्षुल्लक विषय वाटेल. तें सोवळें अनेकांच्या माथीं अन्यायहि लादीत होतें, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु ज्या मनुष्याजवळ राज्य नाहीं, अधिकार नाहीं, हत्यार नाहीं, त्याचें उरलेंसुरलें स्वामित्व त्याच्या चुलीपाशीं व देव्हाऱ्यापाशीं गोळा झालेलें असतें. तेथें पाऊल पडलें कीं त्यास वाटतें, आतां आपलें म्हणून कांहींच राहिलें नाहीं.

जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1966 सालीं हेंच तत्त्व शास्त्रीय रीतीनें मांडलें. जें स्वातंत्र्य आपलें आहे असें मनुष्य धरून चालतो, त्यावर गदा आली कीं तें परत मिळविण्याची एक जोरदार प्रेरणा त्याच्या ठायीं उठते. आणि हिरावून घेतलेली वस्तु पूर्वीं होती त्याहून अधिक मोलाची वाटूं लागते, असा त्याचा सिद्धांत. आपल्याकडे ही गोष्ट म्हणींतच सांगून ठेविली आहे: म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो. आजच्या हानीहून उद्यांच्या पायंड्याचें भय मोठें असतें. आज शिपाई माजघरांत आला आणि आपण गप्प बसलों, तर माजघर कायमचें रस्ता झालें. ही ती भीति.

या तर्कास पुढील इतिहासाचा आधार मिळतो. मार्च 1898 मध्यें मुंबईंत प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगा उसळला आणि त्यानंतर हळूहळू सरकारनें सक्तीची दोरी सैल केली. झडत्या व सक्तीचें विलगीकरण मागें पडून समजावणीस व टोंचून घेण्यास अधिक स्थान मिळालें. रोग गेला नव्हता. पुढें कित्येक वर्षें तो माणसें नेत राहिला. परंतु पहिल्या वर्षींचा तो विशिष्ट संताप ओसरला. दुःख कायम राहिलें, रीत बदलली, आणि रीतीबरोबर क्षोभ बदलला. तोच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला तेव्हां आमच्या गल्ल्या महिनोन्‌महिने ओस होत्या, आणि बहुतेकांनीं ती बंदी पाळली. भय तेंच होतें, कायदाहि तोच होता. परंतु रोगाचें कारण लोकांस समजावून सांगतां येत होतें आणि चुलीपर्यंत बंदूकधारी शिपाई आला नव्हता. तरीहि ज्यांचें हातावर पोट होतें ते मजूर मोठ्या रस्त्यांनीं पायीं गांवाकडे निघालेच. ज्याचें कोणी ऐकत नाहीं तो प्रथम निघून जातो. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यानें 1970 सालीं सांगितलेल्या वाटांपैकीं निघून जाणें व बोलून दाखविणें या दोन मुख्य. पुण्यांतहि 1897 सालीं असेंच झालें होतें. पुष्कळ लोक शहर सोडून गेले, अनेकांनीं रोगी लपविले, कित्येकांनीं अर्ज केले. हेहि सर्व आज्ञाभंगाचेच किंवा विरोधाचेच प्रकार होत. फक्त त्यांचे पुतळे होत नाहींत.

बोलून दाखविण्याच्या वाटेचें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें त्यांनीं तेथें शिपायांच्या अत्याचारांविषयीं गंभीर आरोप उघडपणें केले. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला. पत्रलेखकांचीं नांवें पुढें करणें शक्य नव्हतें. अशा गोष्टींत साक्ष देण्यास कोणतें घर पुढें येणार? गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबर 1897 मध्यें त्यांस 18 महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. नातू बंधूंस तर 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनाखालीं चौकशीवांचून अटकेंत ठेवलें. या तिन्ही गोष्टी खुनानंतरच्या आहेत, हें खरें. त्यामुळें त्यांस खुनाचें कारण म्हणतां येणार नाहीं. परंतु तक्रारीची वाट किती अरुंद होती याचें माप त्यांवरून मिळतें. जो सभ्यपणें बोलला त्यास क्षमा मागावी लागली, जो परखडपणें बोलला त्यास तुरुंग मिळाला, आणि ज्यांवर नुसता संशय होता त्यांस न्यायासनहि दिसलें नाहीं.

येथवर परिस्थितीची बाजू झाली. परंतु परिस्थिति सर्वांस सारखी होती; पिस्तूल मात्र चिंचवडच्या एकाच घरानें उचललें. तेव्हां आतां माणसाकडे वळलें पाहिजे. सुदैवानें दामोदर हरि चाफेकर यानें कोठडींत लिहिलेलें आत्मवृत्त उपलब्ध आहे. बंडखोराच्या मनाचा इतका निःसंकोच आलेख आमच्या भाषेंत विरळा. मात्र तें वाचावयाचें तर गौरवकाराचा चष्मा काढून ठेवावा लागतो, कारण दामोदर स्वतःस गोंडस करून दाखवीत नाहीं.

हरि विनायक चाफेकर हे कीर्तनकार. एके काळीं बऱ्या स्थितींत असलेलें हें घराणें खालावलें होतें. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे मुलगे बापाच्या कीर्तनांत साथीस उभे राहत. अशा मुलाच्या मनाची कल्पना करावी. रात्रीं आख्यानांत दुष्टांचा संहार होतो, श्रोते माना डोलावतात. सकाळीं तेच श्रोते कचेरींत साहेबापुढें मान लवतात. कथेंतील जग आणि डोळ्यांपुढील जग यांतील हें अंतर बहुतेकांस बोंचत नाहीं, कारण कथा ती कथा, हें त्यांस ठाऊक असतें. ज्यास तें अंतर खोटेपणा वाटतें त्याच्या मनांत बंडाचें पहिलें बीं पडतें. दामोदरास लष्करी जीवनाची ओढ होती आणि नुसत्या व्याख्यानबाजीचा तिटकारा होता. 1895 च्या सुमारास या बंधूंनीं तालमीसाठीं व कवायतीसाठीं एक मंडळ काढलें. हिंदुधर्माच्या मार्गांतील अडथळे दूर करणें हा त्याचा हेतु असल्याची नोंद 1918 च्या रौलट कमिटीच्या अहवालांत आहे. पुढें मुंबईंत राणीच्या पुतळ्यास डांबर फासलें गेलें, त्यांतहि दामोदराचा हात होता.

या क्रमांत प्लेग कोठें आहे? कोठेंच नाहीं. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रँड पुण्यास येण्याच्या आधींच दामोदराचा द्वेष पिकलेला होता. शिवाय तो केवळ इंग्रजांपुरता नव्हता. सुधारकांचाहि त्यास तितकाच संताप होता, आणि त्यांच्यावर हात टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. ज्या सुधारकांमुळें स्त्रियांस शिक्षण व विधवांस माणूसपण मिळूं लागलें, त्यांच्या बाजूस आज आपण सर्वच उभे आहों. दामोदर त्यांच्या विरुद्ध होता. तेव्हां बंडखोराचें धैर्य खरें असलें म्हणजे त्याचें प्रत्येक मत खरें असतें असें नाहीं. धैर्य हा मनाचा गुण आहे, मत हा बुद्धीचा. आणि या दोहोंचें लग्न लागलेलेंच असतें असें कोणी समजूं नये.

दुसरी गोष्ट चढत्या पायऱ्यांची. तालीम, मग मारामारी, मग पुतळा, मग खून. प्रत्येक गुप्त कृत्य निभावलें कीं दोन गोष्टी घडतात. एक, भीति झिजते. दुसरी, आतांपर्यंत केलेलें वाया जाऊं नये म्हणून पुढचें कृत्य करणें भाग पडतें. आपण स्वतःस काय म्हणवितों तें टिकविण्यासाठीं मनुष्य जितकें करतो, तितकें तो शत्रूस नष्ट करण्यासाठींहि करीत नसेल. असें मन तयार होऊन बसलेलें असतां प्लेगच्या झडत्या आल्या. द्वेषास आजवर केवळ दिशा होती; आतां त्यास पत्ता मिळाला. 8 ऑक्टोबर 1897 च्या जबाबांत दामोदरानें पवित्र स्थानांच्या विटंबनेचें व मूर्तिभंगाचें कारण सांगितलें तें म्हणूनच खोटें नव्हे. पण तेवढेंच खरेंहि नव्हे. लांकूड आधींपासून वाळलेलें होतें, आणि ठिणगीहि खरीच होती.

तिसरी गोष्ट सोबतीची. एकटा मनुष्य सहसा बंड करीत नाहीं. स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानें 1961 पासून येल विद्यापीठांत जे प्रसिद्ध प्रयोग केले त्यांत, अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून दुसऱ्यास विजेचे धक्के देण्यास लोक कोठवर तयार होतात हें पाहिलें होतें. धक्के लटके होते, परंतु देणाऱ्यास ते खरे वाटत. मुख्य प्रयोगांत 40 पैकीं 26 जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. परंतु शेजारीं बसलेल्या दोघां सोबत्यांनीं आधीं नकार दिला, अशी योजना केली तेव्हां 40 पैकीं 36 जणांनीं मधेंच थांबून आज्ञा मोडली. माणसें तींच, आज्ञा तीच. फरक फक्त सोबतीच्या नकाराचा. चाफेकरांच्या घरांत ही सोबत जन्मापासूनच होती. भावानें भावास नाहीं म्हणणें कठीण. आणि ज्या मंडळांत बाहेरचा वारा येत नाहीं, तेथें शंका बोलून दाखविणें हीच फितुरी ठरते.

अशा बंद खोलींतून निघालेल्या गोळीस पुढें काय दिसतें, तें 22 जूनच्या रात्रीं दिसलें. राणीच्या राज्यारोहणाचा साठ वर्षांचा समारंभ आटोपून पाहुणे गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यांतून परतत होते. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हांक झाली. दामोदरानें रँडवर गोळी झाडली. रँड 3 जुलै रोजीं मरण पावला. मागच्या गाडींत लेफ्टनंट आयर्स्ट होता. बाळकृष्णाच्या गोळीनें तो जागींच ठार झाला. रँडविषयीं तरी आरोप होते. त्या रात्रीं त्या गाडींत असण्यापलीकडे आयर्स्टचा अपराध कोणता, हा प्रश्न गौरवकार विचारीत नाहींत. तो विचारला पाहिजे. पुढें बक्षिसासाठीं बातमी देणाऱ्या द्रविड बंधूंस 8 फेब्रुवारी 1899 च्या संध्याकाळीं वासुदेव चाफेकर व महादेव विनायक रानडे यांनीं घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. पहिली गोळी राज्यावर झाडली होती. शेवटची शेजाऱ्यावर झाडली गेली. दामोदर 18 एप्रिल 1898 रोजीं फांशीं गेलाच होता. मे 1899 मध्यें 8, 10 व 12 या तारखांस वासुदेव, रानडे व बाळकृष्ण गेले. साठे नांवाच्या शाळकरी मुलास दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. एका घरांतील तीन मुलगे एका वर्षाच्या आंत-बाहेर संपले. त्यांच्या आईबापांस त्या वर्षीं काय वाटलें असेल, याचा हिशेब कोणत्याहि सरकारी अहवालांत नाहीं आणि कोणत्याहि पोवाड्यांत तो पुरता मावणार नाहीं.

येथें कोणी म्हणेल, तर मग बंड हा स्वभावाचाच प्रश्न ठरला. ज्याचें लांकूड वाळलेलें तो पेटतो. हें मत खोडून काढण्यास मुळशीचें उदाहरण पुरेसें आहे; कारण तेथें एकाच माणसांत बंडाचीं तीन निरनिराळीं रूपें आपणांस दिसतात.

पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे. विलायतेस शिकावयास गेले आणि पॅरिसमध्यें बॉम्ब करण्याची विद्या शिकून 1908 मध्यें परतले. कांहीं काळ अज्ञातवासांत काढला. पुढें हातांत झाडू घेऊन गांवचे रस्ते झाडूं लागले. टाटा कंपनीनें निळा व मुळा या नद्यांच्या संगमावर विजेसाठीं धरण बांधण्याचें ठरविलें तेव्हां सुमारे पन्नास गांवें व अकरा हजारांच्या आसपास माणसें पाण्याखालीं जाणार असें दिसूं लागलें. येथेंहि प्रारंभ उंबरठ्यापासूनच झाला. शेतकऱ्यांस न विचारतां त्यांच्या शेतांत चाचणीचे खड्डे खणले गेले. एका तरुण शेतकऱ्यानें हरकत घेतली तेव्हां इंजिनिअरानें त्याच्यावर पिस्तूल रोखलें, अशी हकीकत नमूद आहे. जमिनीचे पैसे मिळणार होते. परंतु प्रश्न आधीं पैशांचा नव्हता. माझ्या शेतांत कुदळ मारण्यापूर्वीं मला विचारावयास नको काय, हा तो प्रश्न होता.

एप्रिल 1921 मध्यें रामनवमीच्या मुहूर्तावर सत्याग्रह सुरू झाला. शेंकडों मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले, आणि काम थांबलें. कंपनीनें कांहीं महिने काम तहकूब ठेवलें. बॉम्बची विद्या जाणणारे बापट या काळांत निःशस्त्र बसले होते, ही गोष्ट लक्षांत घ्यावी. स्वभाव तोच होता. मात्र ऐकून घेतलें जाण्याची आशा होती. त्या वर्षाच्या शेवटीं काम पुन्हां सुरू झालें. सत्याग्रही तुरुंगांत जाऊं लागले, त्यांत स्त्रियाहि होत्या. इकडे आणखी एक घाव आंतून बसला. पेट्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा खरेदी पडलेली होती. सावकारास नदी नको होती, रोकड हवी होती. नुकसानभरपाईचा आंकडा जमूं लागला तसतशी चळवळ विरूं लागली. शेवटीं डिसेंबर 1924 मध्यें बापट व मूठभर सोबती यांनीं रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची आगगाडी शस्त्रांनिशीं अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरें झालें, वीज मुंबईस गेली, आणि बापटांच्या नांवामागें ‘सेनापति’ ही पदवी कायमची लागली.

यांतून निघणारा निष्कर्ष आमच्या मतें स्पष्ट आहे. बंडाची वृत्ति मनुष्याच्या ठायीं असते, परंतु तिचें रूप तो एकटा ठरवीत नाहीं. पलीकडच्या बाजूस कान उघडा असेल तोंवर ती वृत्ति अर्ज, सभा, सत्याग्रह या रूपांनीं वावरते. कान बंद झाला आणि सोबतीहि गळाले म्हणजे तीच वृत्ति हत्याराकडे पाहूं लागते. याचा अर्थ हत्यार उचलणारा निर्दोष असतो असा नव्हे. गणेशखिंडीस दोन माणसें मेलीं आणि त्या दोहोंचा भार उचलणाऱ्यांवरच आहे. परंतु न्यायाधीशाचें काम दोष ठरवून संपतें; इतिहासाचें काम तेथून सुरू होतें. टॉम टायलर या अमेरिकन अभ्यासकानें शिकागोच्या रहिवाशांची पाहणी करून 1990 सालीं दाखविलें कीं, लोक कायदा पाळतात तो केवळ शिक्षेच्या भयानें नव्हे. अधिकाऱ्यानें आपणांस मान देऊन ऐकून घेतलें असें वाटलें, तर विरुद्ध गेलेला निकालहि ते पुष्कळदां स्वीकारतात. मुळशीच्या शेतकऱ्यास हें शिकागोहून शिकण्याची गरज नव्हती.

येथेंच हा लेख संपविला असता तर आम्हांस मोठें समाधान वाटलें असतें, कारण येथवर जुलूम करणारा परका होता, किंवा मोठी कंपनी होती, आम्ही नव्हतों. परंतु 1897 व 1921 नंतर आमच्या भागांत पुष्कळ पाणी वाहून गेलें. पिंपरीस 1954 सालीं पेनिसिलिनचा कारखाना निघाला, 1962 नंतर औद्योगिक वसाहत आली, खेड्यांचें 1982 सालीं महानगर झालें. कासारवाडीच्या आमच्या घरीं नळास येणारें पाणी पवनेचें आहे. पवनेचें धरण मावळांत आहे. त्यासाठीं गांवें उठलीं तीं मावळांतील. त्या धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी आणण्याचें ठरलें तेव्हां मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. नदींतून वाहणारें पाणी नळकांड्यांतून गेलें तर आमच्या काठच्या शेतीचें काय, आणि धरणांत गेलेल्या जमिनींचे जुने प्रश्न मिटण्याआधीं हा नवा प्रश्न कां, अशी त्यांची विचारणा होती. 9 ऑगस्ट 2011 रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावर ते रस्ता अडवून बसले. पोलिसांच्या गोळीबारांत तीन जण ठार झाले; त्यांत एक स्त्री होती. काम थांबविण्यांत आलें.

त्या दिवशीं आमच्या भागांतील पुष्कळांच्या तोंडून आम्हीं एक वाक्य ऐकलें: हे लोक उगाच आडवे येतात, पाणी काय कुणाच्या बापाचें आहे? खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत तें येऊन गेलें. मग ध्यानांत आलें कीं हें वाक्य आम्हांस नवें नाहीं. सार्वजनिक हितासाठीं चाललेल्या कामांत अडाणी लोक विघ्न आणतात, हें प्लेग कमिटीचें म्हणणें होतें. विजेच्या प्रगतींत मूठभर मावळे आडवे येतात, हें धरणवाल्यांचें म्हणणें होतें. तेव्हां तें वाक्य साहेबाच्या तोंडीं होतें, म्हणून तें आपणांस उद्दाम वाटलें. आतां तें आपल्या तोंडीं आलें, म्हणून तें व्यवहार्य वाटतें. सत्तेचें मानसशास्त्र बंडाच्या मानसशास्त्राहून कमी चमत्कारिक नाहीं. फरक इतकाच कीं बंडखोराची तपासणी होते, सत्ताधाऱ्याची होत नाहीं; आणि नळ सोडून घागर भरणारा मनुष्यहि थोडासा सत्ताधारीच असतो, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

चिंचवडास चाफेकरांच्या नांवाचा चौक आहे. तेथून जातांना आम्ही हात जोडतों. हात जोडावेत, मरणास सामोरें जाण्याचें तें धैर्य कोणासहि सोपें नाहीं. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या बंडखोरास हात जोडणें आणि आजच्या बंडखोरास आडमुठा म्हणणें, या दोन गोष्टी एकाच मनांत सुखानें नांदतात, याचें आश्चर्य कधीं तरी वाटावयास हवें. जुन्या बंडखोराचा त्रास दुसऱ्यास झाला होता. नव्याचा आपणांस होतो, एवढेंच त्यामागील रहस्य असावें. आज मावळांतून कोणी तक्रार घेऊन आला तर त्याचें म्हणणें बरोबर असेलच असें नाहीं. दामोदराचेंहि सर्वच बरोबर नव्हतें. परंतु तें बरोबर कीं चूक हें ठरविण्यापूर्वीं त्यास ऐकून घेतलें पाहिजे, आणि त्याच्या शेतांत, घरांत वा नदींत पाऊल टाकण्यापूर्वीं त्यास विचारलें पाहिजे. पुण्याच्या माजघरांत तें झालें नाहीं, मुळशीच्या शेतांत झालें नाहीं, बऊरच्या रस्त्यावरहि वेळेवर झालें नाहीं. पवनेचें पाणी आमच्या घरीं अजून रोज येतें. तें भरून घेतांना एवढी आठवण राहिली तरी पुष्कळ झालें.